अभ्र्यातली पाहुणी

धुलाईखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्या तिला इस्त्रीबाई म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला ते आवडायचं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे तिथे धुवायला येत. वाफेच्या इस्त्र्यांचा अख्खा विभाग तिच्या ताब्यात होता. चादरीवर सुरकुती राहिली की तिच्या कपाळावर आठी चढायची. तिच्या बोलण्यातही सुरकुती चालत नसे. नको तो विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "बरं, कामाला लागा." झालं, विषय सपाट.

अशा बाईकडेच साहेबांनी आरोग्याचं खातं सोपवलं. त्याचं असं झालं, की एकदा आरोग्य केंद्रातून एक सिस्टर आली. बायकांनी आपली छाती महिन्यातून एकदा आपल्याच हाताने कशी तपासायची, हे ती शिकवणार होती. कसलाही आडपडदा न ठेवता ती 'स्तन' म्हणाली, तेव्हा साहेबांना एकाएकी बॉयलर बघायची आठवण झाली. गेले ते थेट तिला निरोप द्यायलाच उगवले. जाताना सिस्टरने सरावासाठी रबराची एक अख्खी छाती, काखेपासून काखेपर्यंतची, मागे ठेवली. हाताला खऱ्यासारखी मऊ, आणि डावीकडे खालच्या बाजूला आत वाटाण्याएवढी गाठ. साहेबांनी घाईघाईने तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "इस्त्रीबाई, हे... हे तुम्ही सांभाळा."

इस्त्रीबाईने ती छाती उशीच्या पांढऱ्याशुभ्र अभ्र्यात घातली, अभ्र्याला अर्थातच कडक इस्त्री केली आणि कपाटात ठेवून दिली. बायकांनी तिचं नाव पाहुणी ठेवलं. दर महिन्याला एकदा जेवणाच्या सुट्टीत दार लावून, पंखे मोठे करून पाहुणीला बाहेर काढलं जायचं. मग इस्त्रीबाईचं भाषण व्हायचं. ते ऐकून नवख्या माणसाला ही बाई एखाद्या चोरट्या मालाबद्दल बोलते आहे असं वाटलं असतं. "त्या भागात तसं काही जाणवलं, तर तिथे जाऊन दाखवायचं. संकोच करायचा नाही." कोणता भाग, तसं म्हणजे कसं आणि तिथे म्हणजे कुठे, हे ज्याचं त्याने ओळखावं. संकोच करायचा नाही हे सांगताना तिची नजर पंख्याकडे असायची.

त्यानंतर एकेकीने पुढे येऊन पाहुणीला हात लावायचा. गाठ कुठे आहे हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. घड्या घालणारी एक बाई होती, तिच्या अखंड बडबडीमुळे तिला रेडिओ म्हणत. ती तर शेजारणीशी गप्पा मारत मारतच डावीकडे खाली बोट टेकवायची आणि ओरडायची, "सापडली!" टाळ्या पडायच्या. सगळ्या बायका दर महिन्याला पास. साहेबांनी भिंतीवर प्रशस्तिपत्रक लावलं. त्याच्यावरच्या फोटोत सगळ्या हसताहेत आणि मधोमध पाहुणी नॅपकिन पांघरून बसली आहे.

घरी मात्र कोणी काही बघत नव्हतं. कोणाच्या न्हाणीघराचं दार सासूबाई बाहेरून वाजवायच्या, "आत काय झोपलीस का?" कोणाला तरी नवऱ्याने सांगितलं होतं, नसतं काहीतरी शोधून काढू नकोस. रेडिओचं म्हणणं अगदी साफ होतं. "बघितलं की सापडतं बाई. न बघता आपण ठणठणीत!"

आणि इस्त्रीबाई? तिने एकदाही बघितलं नव्हतं. तिच्या घरातला आरसा नवऱ्याच्या दाढीच्या उंचीवर टांगलेला होता आणि त्यात तिला केसांच्या भांगापलीकडे काही दिसत नसे. याहून जास्त बघण्याची गरज तिला कधी भासलीही नव्हती. दुसऱ्यांना शिकवलं की आपलं आपोआप होतं, अशी बऱ्याच शिकवणाऱ्यांची समजूत असते. तिचीही होती.

मग एके दिवशी अंघोळ करताना साबण हातातून निसटला. तो काखेत अडकला, म्हणून तिने हात घातला, आणि उजव्या बाजूला, काखेजवळ, बोटांखाली काहीतरी लागलं. टणक. हलत नव्हतं.

तिने साबण काढून ठेवला, अंग धुतलं आणि बाहेर आली. चहा टाकला. चहा उकळून उकळून काळा झाला तरी ती भांड्याकडेच बघत उभी होती.

बाईचं डोकं मात्र कामाला लागलं होतं. पाहुणीची गाठ डावीकडे, खाली. आपली उजवीकडे, वर. म्हणजे ही ती नव्हेच! खऱ्या गाठीची जागा ठरलेली असते, आपणच नाही का इतके महिने शिकवत आलो? शिवाय ही दुखत नाही. दुखत नाही तो आजार कसला? उजव्या हाताने जड इस्त्री उचलून स्नायू भरला असणार. अशी आपली बाजू तिने नीट घडी घालून ठेवली. तरी ती घाबरली होती. तिची मावशी छातीतल्या अशाच गाठीने गेली होती, पण घरात सगळे आजवर सांगत आले होते, की तिच्या पोटात काहीतरी होतं. त्याहून मोठी भीती बायकांची. आरोग्याची बाई, आणि हिलाच? सगळ्या धुलाईखान्यात रेडिओवरून बातमी जाईल.

तिचा नवरा मालगाडीवर ड्रायव्हर होता. भला माणूस. बायको हात जपून उचलते हे त्याच्या लक्षात आलं.

"काय गं, काय होतंय?"

"काही नाही हो. खांदा दुखतोय जरा."

तो त्याच दिवशी मलम घेऊन आला. मग तो घरी असेल त्या प्रत्येक संध्याकाळी जेवण झालं की तिच्या उजव्या खांद्याला मन लावून मलम चोळू लागला. खांदा बिचारा ठणठणीत होता, तो आणखीच तुकतुकीत झाला. "उतरतंय का?" तो विचारायचा. "उतरतंय," ती म्हणायची. त्याची बोटं आणि ती गाठ यांच्यात वीतभरच अंतर असायचं. दर वेळी तिला वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, एवढा मायेने चोळतोय, कशाला त्याचा हिरमोड करा.

असे बरेच महिने गेल्यावर सिस्टर पुन्हा आली. प्रशस्तिपत्रक वाचून तिने भुवया उंचावल्या. सगळ्या बायका दर वेळी पास? तिने पिशवीतून दुसरी, नवी पाहुणी काढून टेबलावर ठेवली.

"हिच्यातही गाठ आहे. शोधा."

रेडिओ ऐटीत पुढे आली, तिने डावीकडे खाली बोट टेकवलं आणि ओरडायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. "नाहीये हो सिस्टर." दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांचं बोट डावीकडे खाली. "नाही." "काहीच नाही." "कंपनी घालायचीच विसरली वाटतं!" रेडिओ म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"आता बाई दाखवतील," कोणीतरी म्हणालं.

इस्त्रीबाई पुढे झाली. तिचा हात डावीकडे गेलाच नाही. तो सरळ उजवीकडे, वर, काखेजवळ गेला आणि थांबला. बोटांनी ती ओळखली. तीच टणक, तीच न हलणारी.

"शाब्बास!" सिस्टर म्हणाली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. रेडिओ तर शिट्टी मारायच्या बेतात होती.

"टाळ्या नका वाजवू," इस्त्रीबाई म्हणाली. तिचा हात तिथून निघत नव्हता. "अशीच आहे. माझ्या स्तनात. याच जागी."

शेवटच्या बाईपर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला. पंखे मोठे ठेवण्याची सूचना तिचीच होती. आज त्यांचा काही उपयोग झाला नाही.

सिस्टरने तिला खुर्चीत बसवलं. "प्रत्येक गाठ वाईट नसते. पण प्रत्येक गाठ दाखवायची असते. उद्या सकाळी दवाखान्यात या. कधीपासून आहे?" इस्त्रीबाई रडू लागली. रेडिओ पुढे आली. तिने पाहुणीच्या अभ्र्याने बाईचे डोळे पुसले आणि मग इकडेतिकडे न बघता भिंतीकडे तोंड करून आपला हात आपल्याच कपड्यांत घातला. तिच्यामागून आणखी दोघी भिंतीकडे वळल्या.

संध्याकाळी जेवण झाल्यावर नवरा नेहमीसारखा मलम घेऊन बसला. "ये, हात मोकळा सोड."

"आज खांदा नको," ती म्हणाली. "खांदा कधी दुखतच नव्हता." आणि तिने सगळं सांगितलं, त्या भागाचं नाव घेऊन.

त्याच्या एका हातात नळी होती, दुसऱ्या हातात झाकण. बराच वेळ ते झाकण त्याला नळीवर बसवता येईना.

"अगं, मग इतके महिने मी काय चोळत होतो?"

तिला हसू आलं, मग हुंदका आला. तिने त्याच्या हातातली नळी काढून बाजूला ठेवली, त्याचा हात धरला आणि जिथे न्यायला हवा होता तिथे नेला.