किती झाली, किती आहेत

मी फॉर्म बनवतो. कागदाचे नव्हेत, मोबाईलवर भरायचे. भिसेगावातल्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत बसायचं आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेसाठी प्रश्न लिहायचे. कुठल्या उत्तरानंतर कुठला प्रश्न दिसायचा, याच्या अटी घालायच्या. 'घरात गाय-म्हैस आहे का?' याला 'हो' म्हटलं की खाली 'किती?' उघडतं. 'नाही' म्हटलं की 'किती?' दिसतच नाही. जे दिसत नाही ते कोणी विचारत नाही. मला हे फार सोयीचं वाटायचं.

गेल्या वर्षी आमचं दुसरं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. मुलगी होती. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं, ते राहिलं. त्यानंतर घरात तो विषयच बंद. मी विचारत नव्हतो, बायको बोलत नव्हती. कोणी 'मुलं किती?' म्हणून विचारलं की मी 'एक' म्हणायचो आणि ती चहा ठेवायला आत जायची. मला दुःख होत होतं असंही म्हणवत नाही. दात काढायला इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, तसं काहीतरी झालं होतं. दाबून बघितलं तरी आपला वाटत नाही.

अशात आई आणि बाळांचा सर्व्हे आला. मी झोकात फॉर्म बनवला. 'मुलं किती?' यात आकडा टाकला की तेवढ्या ओळी उघडणार. प्रत्येक ओळीत वय, आणि वयाला लाल चांदणी, म्हणजे ते भरल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. वय एकाच्या आत असलं की ते घर आपोआप लसीच्या यादीत. कोणाला काही डोकं चालवायला लागणार नाही, अशी माझी हुशारी.

आमच्या फॉर्म भरणाऱ्या ताई खालापूरच्या बाजूला डोंगराखालच्या एका वाडीत गेल्या. तिथल्या बायांना पोरं किती म्हणून विचारलं की त्या झालेली सगळी सांगतात. 'तीन झाली, दोन हायत.' गेलेलं मोजायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. ताईंनी ऐकलं तसं तीन टाकलं. तीन ओळी उघडल्या. आता गेलेल्या पोराचं वय काय टाकणार? त्यांनी मला फोन लावला, तर रेंज नाही. मग त्यांनी शून्य टाकलं. शून्य म्हणजे नाही, सरळ गोष्ट आहे. फॉर्मला मात्र शून्य म्हणजे नुकतं जन्मलेलं बाळ.

आठवडाभराने नर्सबाई यादी आणि लसीचा डबा घेऊन त्या वाडीत गेल्या आणि त्या बाईच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, बाळाला आणा.

संध्याकाळी ताईंचा फोन आला, रडतच. मी त्यांच्यावर खेकसलो. कळत नव्हतं तर थांबायचं, मनाने काय टाकता, म्हणून बराच वेळ बोललो. चूक माझी होती हे बोलतानाच कळत होतं आणि म्हणूनच आवाज चढत होता. चोर तो चोर, वर शिरजोर. ताई बिचाऱ्या 'हो दादा, हो दादा' करत राहिल्या.

संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या, तिनाचे दोन करून टाका, विषय संपला. एका मिनिटाचं काम. पण घरच्यांना विचारल्याशिवाय उत्तर बदलायचं नाही, हा आमचाच नियम. म्हणून ताईंबरोबर मी गेलो. फाट्यापर्यंत टेंपो, पुढे चालत. ती बाई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती, वयाने माझ्या बायकोएवढी. मी माफी मागितली. म्हटलं, चुकून लिहिलं गेलंय, आकडा कमी करतो, परत कोणी विचारायला येणार नाही.

तिचे हात थांबले नाहीत. "कमी नको करू, दादा," ती म्हणाली. "त्या बाईनं बाळ मागितलं तवा वाईट वाटलं. पण कोणी इचारलं तरी. आता लिवलंय तर ऱ्हाऊ दे."

मी बरं म्हटलं. तिने दिलेलं पाणी प्यायलो. मला काहीसुद्धा वाटलं नाही, आणि आपल्याला काही वाटत नाहीये याची तेवढी लाज वाटली. परतताना ताई म्हणाल्या, तीन ठेवले तर नर्सबाई परत येणार, दोन केले तर ते पोर पुसलं जाणार, मग करायचं काय? मी म्हटलं, प्रश्न वाढवायचा.

मॅडमना ते पटेना. फॉर्म लांबतो, शिवाय लोकांच्या जखमेवरची खपली आपण कशाला काढायची? मी तडकलो. म्हटलं, खपली त्यांची आहे, काढायची की ठेवायची ते त्यांना ठरवू दे. तुमचं-माझं काय जातंय? शेवटी त्या म्हणाल्या, करा काय करायचं ते, पण लाल चांदणी नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसून प्रश्न घातले. 'मुलं किती झाली?' मग 'आता किती आहेत?' दोन्ही आकडे सारखे असले तर सरळ पुढे. वेगळे असले तरच तिसरा प्रश्न उघडेल, 'गेलेल्या बाळाचं काही लिहायचंय का?' त्याला 'हो' म्हटलं तर एकच रिकामी चौकट, नावाची.

नवी अट घातली की दुसऱ्या कोणाला तरी उत्तरं द्यायला लावून तपासावी लागते. एरवी मी बायकोलाच विचारतो. पूर्वी ती मुद्दाम काहीही सांगायची, चौदा मुलं, सहा म्हशी, नवरा बिनकामाचा. मुलगा शाळेत होता. ती त्याच्या शर्टाची उसवलेली बाही शिवत बसली होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला फॉर्म तपासायचा नव्हता. वर्षभर जे विचारायची छाती झाली नाही ते मी फॉर्मच्या आडून विचारत होतो. भित्रा माणूस.

"मुलं किती झाली?" मी स्क्रीनकडे बघत वाचलं.

तिने दोरा ओढून टाका पुरा केला. मग ती म्हणाली, "दोन."

"आता किती आहेत?"

"एक."

तिसरा प्रश्न उघडला. अट बरोबर चालत होती. मी तोही वाचून दाखवला. तिने सुई कापडात खोचली आणि 'हो' म्हणाली.

नावाची चौकट आली. ती मी रिकामी सोडून पुढे जाणार होतो, कारण बारसंच झालं नव्हतं, आमच्या मुलीला नाव नव्हतं. तर तिने नाव सांगितलं. रोज हाक मारत असल्यासारखं, सहज. म्हणजे वर्षभर ते तिच्याजवळ होतं आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी टाईप करायला लागलो. दोनदा चुकलो, समोरचं दिसेनासं झालं.

"पहिली वेलांटी की दुसरी?" मी विचारलं.

"दुसरी," ती म्हणाली.