पुसून आणलेली नाकं

हातातली पिशवी दाबली जात नव्हती.

भुलीच्या मशीनला एक काळी रबरी पिशवी असते. पेशंटचा श्वास कमी पडला की आम्ही ती दाबतो, ऑक्सिजन आत जातो, छाती वर येते. एरवी ती हाताला मऊ लागते. त्या दिवशी हवा भरलेल्या फुटबॉलसारखी लागली. टेबलावर पाच वर्षांची मनीषा होती. वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. त्या ओठाच्या दोन्ही कडा माझ्या डोळ्यांसमोर जांभळ्या पडत चालल्या होत्या.

"काय झालं?" सरांनी विचारलं. सर म्हणजे शिबिरासाठी मुंबईहून आलेले प्लास्टिक सर्जन. ग्लोव्हज घालून तयार उभे होते.

"स्पाझम," मी म्हटलं.

स्वरयंत्रात दोन पडदे असतात. पाणी चुकीच्या वाटेने गेलं की ते फटकन मिटतात, आपल्याला ठसका लागतो, पुन्हा उघडतात. अर्धवट भुलीत कधीकधी ते मिटतात आणि उघडतच नाहीत. त्याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. मग बाहेर ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर उभा असतो आणि आत मूल गुदमरत असतं.

बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनचा आकडा दिसतो, ते मशीन तेव्हा आमच्याकडे नव्हतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण जळगावात आमचं मॉनिटर म्हणजे छातीवर चिकटवलेला स्टेथोस्कोप, नाडीवरचं बोट आणि ओठांचा रंग. माझ्या कानात ठोके येत होते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं. मुलांचं हृदय ऑक्सिजन संपत आला की मंदावतं.

पडदे सैल करणारं इंजेक्शन असतं, पण ते शिरेतून दिलेलं बरं. मनीषाच्या शिरेत अजून सुई घातलेली नव्हती. मुलं सुई पाहून टेबल डोक्यावर घेतात, म्हणून शिबिरात आम्ही मूल झोपल्यावर सलाईन लावायचो. मी थिएटरच्या सिस्टरना, अक्कांना, म्हटलं, "मांडीत द्या." त्यांनी काही न विचारता दिलं. मी एका हाताने तिचा जबडा पुढे ओढून मास्क दाबून धरला, दुसऱ्या हाताने ती दगड झालेली पिशवी दाबत राहिले. किती वेळ, ते मोजलं नाही.

मग पिशवी मऊ पडली.

छाती वर आली. आधी ओठ, मग कानाच्या पाळ्या, मग नखं. रंग परत येतो तो असा हप्त्याहप्त्याने. मी श्वासनळीत ट्यूब टाकली, सक्शन लावलं. घट्ट, पिवळट शेंबूड निघाला. बराच.

सरांनी ते पाहिलं. "हिला तर चांगली सर्दी आहे. सकाळी तपासलं होतंत ना?"

"हो सर."

"मग?"

"आईने सांगितलं नाही."

हे वाक्य खरं होतं. मी ते बोलले, आणि पुढची कित्येक वर्षं ते मला टोचत राहिलं.

सर म्हणाले, ट्यूब गेलीच आहे तर ओठ शिवून टाकू, एवढ्या लांबून आलेली पोर. मी नको म्हटलं. हिला आता फक्त उठवते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ग्लोव्हज काढले आणि पुढची केस लावायला सांगितली. मनीषा उठली, खोकली, रडली. थिएटरमध्ये मूल रडायला लागलं की बाहेरच्यांना वाईट वाटतं. आम्हाला त्याहून गोड काही नसतं.

आता सकाळचं सांगते.

हे मोफत शिबिर दर वर्षी थंडीतच व्हायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पंखासुद्धा गरम हवा फेकतो, टाके चिघळतात. पण थंडी हाच सर्दीचा हंगाम. सर्दीचे विषाणू एक नाहीत, त्यांचे प्रकार शेकड्यांनी आहेत. मोठ्या माणसाला चार दिवसांची कटकट, पण तो विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर खरवडून जातो. नाक कोरडं होतं, मूल खेळायला लागतं, तरी आतली जागा पुढे काही आठवडे हुळहुळीच राहते. त्यावर भुलीचा वायू गेला किंवा थेंबभर लाळ पडली की पडदे मिटतात. म्हणून आमचा नियम साधा होता. सर्दी असेल तर भूल नाही. परत जा, पुढच्या वर्षी या.

आदल्या वर्षी मी हा नियम कडक पाळला होता. बरीच मुलं परत पाठवली. शिबिर भरवणारे नाना, निवृत्त हेडमास्तर, तेव्हा मला म्हणाले होते, "डॉक्टरीणबाई, जानेवारीत खान्देशात न वाहणारं नाक दाखवा, मी तुम्हाला बक्षीस देतो." सर अर्धा दिवस नुसते बसून होते. परत पाठवलेल्यांपैकी काही मुलं या वर्षी आलीच नव्हती.

या वर्षी नाकं कोरडी होती. सगळी. मला बरं वाटलं. नाना तर रांगेकडे असे बघत होते, जणू थंडी त्यांनीच समजावून सांगून थांबवली होती. तरीही पहिल्या काही मुलांत मला खोकला सापडला आणि मी तिघांना बाजूला काढलं. नाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

पुढची मनीषा. आई सुमनबाई, भडगावकडच्या एका खेड्यातली. मी विचारलं, सर्दी, ताप, खोकला?

"नही बाई, बठ्ठं चांगलं शे."

मी स्टेथोस्कोप लावला. पाठीला, उजव्या बाजूला खाली, घरघर होती. मी मनीषाला खोकायला लावलं. घरघर वरच्या कफाची असेल तर खोकल्याने सरकते. पुन्हा तिथेच लावला. ती होती तिथेच होती.

मागून नाना म्हणाले, "हिचं नाव जूनमध्ये शाळेत घालायचंय म्हणे."

मी स्टेथोस्कोप काढला आणि म्हटलं, "फिट."

का? नानांचा दबाव होता असं म्हणता येईल. पण नानांनी मला धरून ठेवलं नव्हतं. माझं वय कमी होतं, जळगावात नवीन होते, मुंबईच्या सरांनी पुढच्या वर्षीही मलाच बोलवावं असं वाटत होतं. आणि आईने 'नाही' म्हटलंच आहे, हा एक आडोसा मिळाला होता. उद्या काही झालंच तर तो उपयोगी पडेल, हे मला तेव्हाही कळत होतं. ही शेवटची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

आणि तो आडोसा उपयोगी पडला. दुपारी व्हरांड्यात नानांनी सुमनबाईंना सगळ्यांदेखत झाडलं. सर्दी लपवलीस, पोर जीवानिशी जात होती, डॉक्टरीणबाई होत्या म्हणून वाचली, तुझ्या खोट्यापायी सगळं शिबिर बदनाम झालं असतं. बाकीच्या आया ऐकत होत्या. सुमनबाई मनीषाला मांडीवर घेऊन खाली बघत होत्या. मी तिथेच नळाशी हात धूत होते. त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नळ बंद केला आणि आत गेले.

संध्याकाळी समारोपात सरांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

चहा घेताना अक्कांनी कोरड्या नाकांचं गुपित सांगितलं. मुलं आणि आया दोन दिवस आधीच धर्मशाळेत मुक्कामाला यायच्या. अगदी धुळ्यापासून एदलाबादपर्यंतच्या. 'भुलीची बाई नाक बघती, वाहत असलं की परत पाठवती' ही बातमी आदल्या वर्षीच गावोगाव गेली होती. कोणीतरी मेडिकलमधून नाक मोकळं करायच्या थेंबांची बाटली आणली. ती बाटली दोन रात्री अख्ख्या धर्मशाळेत फिरली. एकच ड्रॉपर, या नाकातून त्या नाकात. "ज्यांना सर्दी नव्हती त्यांच्या आयांनीसुद्धा घातले, न जाणो म्हणून," अक्का म्हणाल्या. "तुम्ही नाक तपासता, मॅडम, म्हणून त्यांनी नाक तयार करून आणलं."

एवढ्या चांगल्या सोयीने सर्दी पसरवायला मला मुद्दाम ठरवूनही जमलं नसतं.

त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. माझ्या बॅचचा एक सर्जन धुळ्यात प्रॅक्टिस करत होता. ओठाची ऑपरेशनं तो करायचा. त्याला विचारलं, तो एका केसचे पैसे न घ्यायला तयार झाला. भूल मी देणार होते. तारीख मुद्दाम सहा आठवडे पुढची ठरवली, म्हणजे आतलं अस्तर भरून येईल. भडगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे सुमनबाईंसाठी निरोप दिला. मनात म्हटलं, व्हरांड्यातल्या त्या प्रसंगानंतर या बाई कशाला येतील?

आल्या. मनीषा, तिचे वडील आणि एका पिशवीत माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी.

मी छाती तपासली. पाठ, उजवी बाजू, खाली. स्वच्छ. या वेळी मी जागेपणीच शिरेत सुई घातली. मनीषाने धुळ्याचा आग्रा रोड ऐकेल एवढ्या आवाजात जाहीर केलं, "हाई बाई मारकी शे." वडील कानकोंडे झाले. मी म्हटलं, बरोबर बोलतेय ती.

भूल सुरळीत झाली. पिशवी पहिल्यापासून शेवटपर्यंत मऊ होती. ओठ शिवून झाला तेव्हा सर्जन म्हणाला, आता ही शिट्टी वाजवायला शिकली की शेजारी तुला शिव्या देतील.

मनीषा झोपली होती. सुमनबाई कॉटशेजारी बसल्या होत्या. मी स्टूल ओढून बसले आणि सांगून टाकलं. त्या दिवशी मला घरघर ऐकू आली होती. तुम्ही सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. मी थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. नाना तुम्हाला बोलले तेव्हाही मी गप्प बसले.

त्यांनी मनीषाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "माले मालूम व्हतं, बाई. तुम्ही नळी एकेच जागाले दोन येळा लाई. मी मनमा म्हनू, देवा, आते हाई बाईनी काही बोलाले नको."

मी दोनदा एकाच जागी स्टेथोस्कोप लावला हे त्यांनी पाहिलं होतं. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. आणि मी बोलू नये म्हणून त्या देवाचा धावा करत होत्या. मी 'फिट' म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं, बाईने आपल्यावर उपकार केले. व्हरांड्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं ते तक्रार म्हणून नव्हतंच. मी खरं सांगून अडचणीत येतेय की काय, या काळजीने पाहिलं होतं.

पोर घरून निघाली तेव्हा ठणठणीत होती, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. सर्दी धर्मशाळेत लागली.

मी म्हटलं, मी नानांना खरं काय ते सांगते. त्या घाईघाईने नको म्हणाल्या. ते तुम्हाला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत, मग बाकीच्या पोरांचं काय? मला बोलणी खायची होती ती खाऊन झाली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचं ऐकलं. जरा जास्तच पटकन ऐकलं, हे मला माहीत आहे. आज नाना नाहीत, सरही नाहीत. म्हणून हे असं लिहून सांगते आहे: त्या दिवशी लपवलं दोघींनी, बोलणी एकीने खाल्ली.

खरं ते नानांना सांगितलं नाही, पण नियम बदलायला लावला. सर्दी निघाली की मूल परत पाठवायचं नाही. त्याला सहा आठवड्यांनंतरची धुळ्याची तारीख तिथल्या तिथे द्यायची, एसटीचं भाडं शिबिराने द्यायचं; माझा धुळ्याचा सर्जन मित्र याही केसचे पैसे न घ्यायला तयार झाला होता. धर्मशाळेतला मुक्काम बंद, ज्याने त्याने ऑपरेशनच्या दिवशीच यायचं, जवळच्यांनी पहिल्या एसटीने, लांबच्यांनी दुपारपर्यंत. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आता सर्दीलाही वशिला."

पुढच्या वर्षी मी खुर्चीवर बसायच्या आत आया सांगायला लागल्या. याचं नाक वाहतं. हिला परवापासून खोकला. ही रात्री घरघरते, नीट बघा. ज्यांना तारीख मिळाली त्या तारीख घेऊन निघाल्या, आणि बहुतेक सगळ्या धुळ्याला आल्या. एका बाईंनी धडधाकट पोराला सर्दी आहे म्हणून ठासून सांगितलं. छाती स्वच्छ, नाक कोरडं, घसा छान. खोदून विचारलं तेव्हा कळलं, धुळ्याला त्यांचं माहेर होतं.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं मुलांना भूल दिली. सर्दी आहे का, हा प्रश्न हजारो वेळा विचारला. पण विचारण्याआधी एक वाक्य न चुकता सांगायचे: असली तरी ऑपरेशन होणार आहे, फक्त तारीख बदलेल. मग विचारायचे. उत्तर खरं यायचं.