कामाला लावणारी कुसुमावती

ऊसमळ्यांच्या बेटावर, सांत्र द फ्लाक गावच्या बाजारामागं कुसुमावतीचं शिलाईचं दुकान होतं. नवरा गेल्यावर ते तिनं एकटीनं चालवलं. बाई कामाला चोख आणि तोंडाला फटकळ.

१९५६ साली ती ब्रीझे वेर्दिएर गावी गजेंद्रच्या घरी लग्नाच्या चोळ्या पोचवायला गेली. गजेंद्र ऊसतोडणी करायचा. थोरल्या मुलीचं लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि धाकटी इंद्राणी मागच्या पडवीत एकटीच फाटकं गोणपाट शिवत बसलेली. पोलियोच्या साथीत लहानपणीच तिचा डावा पाय वाळला होता. कुसुमावतीनं गोणपाट उचलून टाके पाहिले आणि गजेंद्रला हाक मारली.

"हिला माज्याकडं कामाला पाटव."

"मावशी, ती कुटं जानार? शेतात हुबी ऱ्हावत नाय तिला."

"हुबी ऱ्हायाला कोन सांगतं? बसून शिवायचं हाय."

गजेंद्र कसाबसा तयार झाला, पण पहिल्याच दिवशी बस निघून गेली. इंद्राणी कुबडी सावरत पायरी चढेपर्यंत ड्रायव्हरला दम निघाला नाही. हे कळलं तसं दुसऱ्या दिवशी पहाटेच कुसुमावती ब्रीझे वेर्दिएरला हजर. बस आली आणि ही रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हर बेटावरच्या क्रेओल बोलीत ओरडला. तिनं त्याच भाषेत त्याच्या आईची चौकशी केली. इंद्राणी सावकाश चढली, बसली, मग कुसुमावती बाजूला झाली. पुढं तो ड्रायव्हर न सांगता थांबू लागला.

दुकानातली मशीन पायानं चालवायची. दोन्ही पायांशिवाय ती चालणार कशी, या विचारानं कुसुमावतीनं तिला काज-बटणांच्या कामावर बसवलं. एका दुपारी ती बाजारातून परतली तर इंद्राणीनं स्टूल तिरकं ओढून घेतलेलं, आणि एकट्या उजव्या पायानं मशीन चाललेली. शिवण जरा वेडीवाकडी होती. कुसुमावतीनं ती उसवायला लावली आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन तिच्या हवाली केली.

एकदा एक नवरीची आई आली. इंद्राणीला पाहून हळूच म्हणाली, "लग्नाच्या कापडाला हिचा हात नको लागू देऊस."

कुसुमावतीनं कापडाची घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्या रात्री तिला त्याची हळहळही वाटली. ती काही साधूसंत नव्हती.

मग ब्रीझे वेर्दिएरची एक मुकी मुलगी आली, पितों गावाहून एक नवऱ्यानं टाकलेली बाई आली. सगळ्यांनाच शिवणकाम जमलं नाही. त्या बाईला कुसुमावतीनं शाळेच्या स्वयंपाकघरात लावून दिलं. त्यासाठी मुख्याध्यापकाच्या दारात चारदा जाऊन बसली.

१९६३ मध्ये इंद्राणी म्हणाली, "मावशी, पोर्ट लुई शहरात एका मोठ्या दुकानात जागा हाय. मला जायचं हाय."

कुसुमावतीला ते झोंबलं. इतकी वर्षं शिकवलं, आता हातातलं माणूस चाललं. आठवडाभर ती तिच्याशी कामापुरतंच बोलली. इंद्राणीनंही समजूत काढली नाही, खाली मान घालून शिवत राहिली. शेवटी कुसुमावतीनंच विचारलं, "तिथला मालक काय म्हनतो?"

"काम आवडलं त्याला. पन शिवनाची खोली वर हाय. जिना चढता येत नाय तर येऊ नको म्हनला."

पुढच्या सोमवारी दोघी बसनं पोर्ट लुईला गेल्या. मालक यशपाल बाबू सभ्य माणूस, पण अडून बसले. वर सगळे कारागीर, एकटीसाठी खाली वेगळी व्यवस्था कशी करणार?

"यवस्था कसली?" कुसुमावती म्हणाली. "एक मशीन खाली आना. मानसं तिला वर न्यायाला लागतील, त्यापरीस मशीन हलकी."

यशपाल बाबूंना हसू आलं. आधी महिनाभर बघू, म्हणाले. महिन्यानंतर मशीन खालीच राहिली आणि इंद्राणीही. तिनं शहरात खोली घेतली.

तिथं सामान लावून दिलं, त्या संध्याकाळी कुसुमावती फ्लाकला एकटी परतली. दुकान उघडलं, रिकाम्या स्टुलाकडं पाहून थोडं रडली, आणि दारात वाट बघत बसलेल्या मुक्या मुलीला खुणेनं मशीनवर बसायला सांगितलं.