जन्मतारखेचा पासवर्ड

शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईंना पोरंटोरं, मास्तर, शिपाई, सगळेच ऑफिसताई म्हणायचे. कामाला वाघ! पण पालकांनी त्यांचा जीव नकोसा करून सोडला होता. शाळेने अ‍ॅप घेतलं, मुलांचे गुण, हजेरी, फोटो, बसचा थांबा असं सगळं त्यात घातलं, आणि पालक एकजात पासवर्ड विसरायला लागले. 'ताई, उघडत नाही हो!' फोन दिवसभर खणखणायचा. शेवटी ऑफिसताईंनी डोकं लढवलं आणि सरसकट सगळ्यांचा पासवर्ड मुलाची जन्मतारीख करून टाकला. पोटच्या पोराचा वाढदिवस कोण विसरेल? फोन थांबले. मुख्याध्यापकांनी भर बैठकीत शाबासकी दिली.

एकटे संगणकाचे सर कुरकुरले, "ताई, हे तर कुणालाही ओळखता येईल."

"येऊ दे की! आपल्या पोरांचे गणितातले दिवे बघायला कोण टपलंय?" ऑफिसताई म्हणाल्या. सगळे हसले. सरही हसले आणि विषय तिथेच मिटला. माणसं शहाणी असली तरी बैठक लवकर संपलेली सगळ्यांनाच हवी असते.

वर्षाच्या मध्यावर एक शिवणकाम करणारी बाई मुलीला दुसरीत घालायला आली. फॉर्म भरता भरता ती हळूच म्हणाली, "ताई, आम्ही नवऱ्यापासून पळून आलोय. हिच्यासमोर त्याने माझा हात मोडला. आमचा ठावठिकाणा बाहेर जाणार नाही ना?"

"मी बसलेय ना इथे? निर्धास्त राहा," ऑफिसताई म्हणाल्या. आणि खरंच, त्यांनी घरी नवऱ्यापाशीसुद्धा अवाक्षर काढलं नाही.

ती बाई आज मुलीला घट्ट धरून ऑफिसात शिरली. शिवणयंत्रावरून तशीच उठून आली होती, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

"कोणी सांगितलं त्याला?"

"कोणाला? काय?"

"काल बसच्या थांब्यावर उभा होता तो. हिचा दंड धरला आणि म्हणाला, शुद्धलेखनात एवढे कमी गुण कसे गं पडले? शेजारीण ओरडली म्हणून सुटली पोर. ताई, हिचे गुण त्याला कळले कसे?"

"देवाशपथ सांगते, मी कुणाला..." ऑफिसताई बोलता बोलता थांबल्या. शुद्धलेखनाचे गुण त्यांनी परवाच अ‍ॅपमध्ये चढवले होते. स्वतःच्या हाताने.

"हिच्या आधीच्या शाळेत कुठलं अ‍ॅप होतं?"

"हेच की. तो त्याच्या फोनवर बघायचा."

म्हणजे सगळ्या शाळांचं अ‍ॅप एकच. मुलीचं नाव घालायचं, जन्मतारीख घालायची, की उघडलं. नवी शाळा, नवा थांबा, नवा फोटो. "हिची जन्मतारीख... त्यांना माहीत आहे?" त्यांनी खुळ्यासारखं विचारलं.

"बाप आहे तो हिचा," बाई म्हणाली.

ऑफिसताईंनी त्या मुलीचा पासवर्ड बदलला. त्याचा आता काय उपयोग होता? ज्याला बघायचं होतं तो बघून मोकळा झाला होता. त्या धावत मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, सगळ्यांचेच तसे आहेत! आजच्या आज बदलायला हवेत."

मुख्याध्यापकांनी आधी दार लावून घेतलं. "बोभाटा नको. पालक बिथरतील. परीक्षा होऊ दे, मग बघू."

"सर, तो पोरीला उचलून नेईल!"

"मग पोलिसांकडे जायला सांगा त्यांना. शाळा काय करणार?"

त्या परत आल्या तेव्हा बाई उभीच होती. "दाखला द्या, ताई. आम्ही जातो."

ऑफिसताईंनी दाखला भरायला घेतला. पडद्यावर 'पुढील शाळेचे नाव' असा रकाना आला. तो भरल्याशिवाय संगणक हलेना. त्यांनी रेघ मारून पाहिली, टिंब देऊन पाहिलं. मेलं यंत्र ढिम्म.

"शाळेचं नाव मागतंय," त्या कशाबशा म्हणाल्या.

बाईने सांगायला तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. "तुमच्यावर राग नाही माझा, ताई. पण आता तुम्हालाही नाही सांगणार."

"दाखल्याशिवाय कुठली शाळा घेईल हो हिला?"

"नाही घेणार. घरी बसेल. जिवंत तर राहील." बाईने मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं. "पुढच्या दाराने नको. तो बाहेर असला तर?"

ऑफिसताईंना रडू आवरत नव्हतं. त्यांनी दोघींना वर्गांच्या मागून नेलं, मागचं फाटक उघडून दिलं, आणि त्या कुठल्या बाजूला वळतात ते आपल्याला दिसू नये म्हणून रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.