ताकदीची गोळी

आमचे रंगारीकाका भिंतीवर एक पोपडा राहिला तरी रात्रभर तळमळणारे, पण स्वतःची कंबरदुखी त्यांनी वर्षानुवर्षं अंगावर काढली. मग दुखण्यावरच्या अफूच्या जातीच्या गोळ्या आल्या, त्यांची चटक लागली आणि माणूस पार हातचा गेला. त्यातून बाहेर आले तेही स्वतःच्या हिमतीवर. पाय पुन्हा घसरू नये म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली. नशेचं औषध मेंदूत जिथे जाऊन बसतं, ती जागा ही गोळी आधीच अडवते. मग वरून तसलं काहीही घेतलं तरी चढत नाही.

यात लाजण्यासारखं काय होतं? पण मुलीचं लग्न ठरलं आणि तिनं बजावलं, "बाबा, सासरी कळलं तर माझी मान खाली जाईल. कुणी विचारलं तर ताकदीची गोळी म्हणायचं." काका बरं म्हणाले. तिला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

पुढे व्याह्यांचं घर रंगवताना काका शिडीवरून पडले. खांदा निखळला. व्याह्यांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, मुलगी सोबत होतीच.

"रोजचं काही औषध?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ताकदीची गोळी, बस," मुलगी म्हणाली.

बाईंनी दुखणं मारायचं जबरदस्त इंजेक्शन दिलं, अफूच्या जातीचं. फरक शून्य. दुसरं दिलं. काका घामानं निथळत मुलीकडे पाहत होते आणि ती फरशीकडे. मी तिथे असते तर तिला चांगलं झापलं असतं. हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं, हुंदके देत.

बाई तिसरं इंजेक्शन भरू लागल्या, तेव्हा काका म्हणाले, "नको. मला दुखण्याच्या गोळ्यांचं व्यसन होतं. ते परत लागू नये म्हणून रोज गोळी घेतो."

"अहो, आधी सांगायचं नाही का! त्या गोळीवर हे लागूच पडत नाही. मी डोस वाढवत गेले असते, तर श्वास बंद पडला असता तुमचा." बाईंनी खांद्याचा भाग तेवढा बधिर केला आणि सांधा बसवला.

व्याही सुनेकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

तिनं तोंड उघडायच्या आत काका बोलले, "तिला काही म्हणू नका. मीच शपथ घातली होती. लाज वाटायची मला."

"बापाचा शब्द राखलास हो पोरी," म्हणत व्याह्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिनं तो फिरवू दिला.