"आवजो" आणि "येतो"

एकाच विज्ञान कादंबरीवरच्या दोन मालिका मी पाहिल्या, आणि डोक्यात दोन्हींचा असा काला झाला आहे की कुठला प्रसंग कुठला हे शपथेवर सांगता येणार नाही. गोष्ट एकच. एक माणूस दूरच्या ग्रहावर जातो, परतीची खात्री नसते, आणि त्याची बायको इकडे रेडिओपाशी बसून राहते.

पहिली गुजराती होती, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता तेव्हाची. यान पुठ्ठ्याचं. दार लावलं की भिंतही हलायची. तरी मला त्या माणसाची फार काळजी वाटायची. शेवटच्या भागात त्याचा खरखरता आवाज आला, "आवजो", आणि पडदा काळा झाला.

आई लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आलेली. तिचं गुजराती खंडेराव मार्केटातल्या भाजीपुरतं. शेजारीण जाताना आवजो म्हणायची, म्हणजे शब्दशः 'या', तर आई ते आमंत्रण समजून थोड्या वेळाने तिच्याकडे जाऊन बसायची. तिला वाटलं, यानातला हा माणूस बायकोला तिकडे बोलावतोय. ती खूश झाली. बाबा जन्मापासून बडोद्याचे. त्यांनी समजावलं की हा निरोप आहे, बायकोला बोलवायचं असतं तर नुसतं 'आव' म्हणाला असता. आई म्हणाली, बायकोला मान देणाराही असतो एखादा नवरा.

बाबांनी मूळ कादंबरी वाचली होती. तिच्यात म्हणे तो काहीच बोलत नाही, मध्येच संपर्क तुटतो. म्हणजे हा शब्द मालिकावाल्यांनी पदरचा घातलेला. आई काही हटली नाही. पुढे कामावर निघताना बाबा तिला चिडवायला मुद्दाम "आवजो" म्हणायचे आणि ती "कुठे येऊ?" विचारायची.

ऑपरेशनला नेतानाही ते स्ट्रेचरवरून तेच म्हणाले. आईने सवयीने विचारलं, "कुठे येऊ?" तोवर दार लागलं होतं. बाबा त्यातून उठले नाहीत.

दुसरी मालिका अलीकडची, मराठीत. यान चकचकीत, बायको स्वतःच शास्त्रज्ञ, रेडिओच्या जागी भिंतभर पडदा. सगळं नीटनेटकं, पण त्या माणसाला घामच येत नव्हता, त्यामुळे मला काळजीही वाटेना. आई मात्र जीव मुठीत धरून बघत होती. मराठीत आहे, आता तरी नक्की कळेल, असं ती आदल्या दिवसापासून म्हणत होती. शेवटचा भाग आम्ही सकाळी चहा घेताना लावला. तो पडद्यावर आला, "येतो" म्हणाला आणि दिसेनासा झाला.

मी गोंधळून गेले. आपणही जाताना येतोच म्हणतो. मग हा गेला की परत येणार? करणाऱ्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. दोन्हींतली बरी कुठली, तेही मला ठरवता येईना.

"मग ह्यांनी मला बोलावलं होतं, की निरोप घेतला?" आईने विचारलं.

बाबांचं ते आवजो म्हणजे थट्टा होती हे माहीत असूनही मला रडू आलं. मी टीव्ही बंद केला. अलकापुरीला ऑफिसात जायचं होतं. चपला घालताना रोजचं "येते" तोंडावर आलं आणि दारातच अडलं.

"रात्री जेवायला मी घरी आहे," मी म्हणाले.