उन्हाळ्यातल्या कानटोप्या

बस शेवटच्या थांब्यावर लागली की ड्रायव्हरकाका सीटखालच्या पिशवीतून सुया-लोकर काढत. भर उन्हाळा, अंगाला घामाच्या धारा आणि मांडीवर कानटोपी! थंडीच्या सुट्टीत जमणाऱ्या प्रत्येक नातवंडाला आपल्या हातचीच टोपी द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. पोरांची डोकी तोवर वाढणार, म्हणून दोन टाके जास्त घालायचे.

"काका, उन्हानं डोकं फिरलंय का?" कंडक्टर रोज त्यांची खेचायचा. "बाजारात ढिगानं मिळतात की!"

"मिळतात ना. पण बाजाराला माझ्या नातीचं डोकं ठाऊक आहे का?" काका मान वर न करता म्हणायचे.

थंडी पडली. सुट्टीच्या आदल्या दिवशी काकांनी कंडक्टरच्या हातात पुडकं ठेवलं. आत निळी कानटोपी. त्यानं घालून पाहिली. ना सैल, ना घट्ट. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"माझं माप कधी घेतलंत?"

काकांनी ऐटीत स्टिअरिंगसमोरच्या, मागची बस दाखवणाऱ्या आरशाकडे बोट केलं.

"वर्षभर यात तुझंच डोकं बघतोय. जास्तीचे टाके मात्र घातले नाहीत हं. तुझं डोकं आता काही वाढायचं नाही!"